हरभऱ्याची आंब

सत्वशीलाबाईंनी बाटलीचं बूच काढलं, झाकणभर आंब जिभेवर सोडली, आणि त्यांचं तोंड वाकडं व्हायचं राहूनच गेलं. एरवी दर वर्षी पहिल्या घोटाला त्यांचे डोळे गच्च मिटायचे, खांदे कानांना टेकायचे आणि सगळं घर हसायचं. यंदा त्या नुसत्याच बसून राहिल्या. गळ्यात अडकवलेला छोटा पंखा घरघरत राहिला.

“तेजू, पाणी मिसळलंस का गं ह्याच्यात?”

धाकटी सून तेजस्विनी उंबऱ्यात उभी होती. खांद्यावर सासऱ्यांचं जुनं धोतर, अजून ओलं. पहाटे ते आपल्या रानातल्या हरभऱ्यावर पसरायचं, पानांवरचं आंबट दव त्यात भिनू द्यायचं आणि पिळून बाटलीत भरायचं, हे काम ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिचंच. सत्वशीलाबाईंचं पोट गोळ्यांना दाद देत नसे; त्यांना आंबच लागे.

“पाणी कशाला मिसळू, आत्याबाई? पिळलं, गाळलं, घेऊन आले.”

“मग हरभऱ्याला आंघोळ घातली असशील. हे प्यायचं का ह्यानं चूळ भरायची?”

सगळ्यांना हसू आलं. तेजस्विनीही हसली, पण जरा उशिरा. “म्हातारपणी जीभ मरती म्हणतात,” ती म्हणाली, आणि बाटली फळीवर ठेवून निघून गेली.

मोनाली भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

मोनाली थोरली सून. तिचं नाव ठेवलं गेलं तेव्हा ते कॉलेजातल्या पोरींना शोभणारं होतं. आता ते गुडघे धरून उठणाऱ्या बाईचं नाव झालं होतं. गावात प्रियंकाआजी होत्या, श्वेतामावशी होत्या, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटत नसे. हात थांबला त्याचं कारण मात्र तिला एकटीला ठाऊक होतं. आंब बेचव लागते ती शेतात पेटी असली की. आणि तेजूच्या शेतात पेटी नव्हती.

*

पेटीचं नाव ‘निश्चिंत’. दिसायला दुधाच्या किटलीएवढी, पांढरी, वर जाळी, आत एक पंखा. दोन वर्षांपूर्वी संशोधन संस्थेच्या काझी मॅडम गावात आल्या तेव्हा त्यांनी समाजमंदिरात बायकांना बसवून सांगितलं होतं, हरभरा फार भित्रं पीक आहे.

म्हणजे असं, की एका झाडाला अळी चावली की ते झाड एक वास सोडतं. आपल्या नाकाला तो कळत नाही, शेजारच्या झाडाला कळतो. मग तेही सावध होतं. पानावरच्या बारीक लवेतून जास्त आंब सोडतं, म्हणजे अळीला ते पान नकोसं व्हावं. आणि फुलांकडचा जीव काढून घेतं. भीती लांबली तर फुलं गाळून टाकतं. पूर्वी याचं काही बिघडत नव्हतं. थंडी पडायची, अळी गारठून गप्प बसायची, झाडाला उसंत मिळायची. आता थंडी म्हणजे लेकीच्या घरी आलेल्या बापासारखी, पाणी पिऊन निघते. अळीला सुट्टी नाही, म्हणून झाडालाही नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत हरभरा घाबरलेलाच राहतो, आणि फुलोरा जमिनीवर.

“आम्ही काय केलं,” काझी मॅडम म्हणाल्या होत्या, “तो वास ऐकायला झाडाला जो कान असतो ना, त्यात कापूस घातला.”

पेटी तो कापूस. शेंडे खुडून झाले की ती लावायची. दिवस मावळला की ती बारीक झुळकेसारखं काहीतरी सोडते, आणि अख्खं शेत एकमेकांचं ओरडणं ऐकायचं थांबतं. आंब बंद, भीती बंद. सगळा जीव फुलांत. फुलाला फूल टिकतं, फुलागणिक दाण्याचा घाटा. आणि अळ्या? त्यासाठी यंत्रचिमण्या होत्या. अंगठ्याएवढं यंत्र, सकाळपासून भिरभिरत एकेक अळी वेचायचं. खऱ्या चिमण्या कुठे राहिल्या होत्या? म्हणून लोकांनी तेच नाव ह्यांना दिलं.

पेटी चालू आहे का बघायची खूण सोपी होती: पान चावायचं. आंबट नाही लागलं तर चालू. बचत गटातल्या बायकांना हे शिकवायचं काम मोनालीकडेच होतं.

तेजस्विनीनं पेटी घेतली नाही. पेटीसोबत संस्थेचंच बियाणं लावावं लागे, आणि तिचा हरभरा माहेरचा. बारका, तांबूस, सुरकुतलेला, पण भाजला की वास शिवारभर. आईनं लग्नात ओटीत घातलेल्या बियाण्यातून तो चालत आला होता. आता आई नव्हती आणि माहेरची शेतीही नव्हती. तो फक्त ओढ्याकाठच्या त्या तुकड्यात उरला होता. “माझ्या हरभऱ्याला भिऊ दे की,” ती म्हणायची. “मी बी भितेच. जमतं आमचं.” तिचा नवरा श्रीहरी गेल्यापासून ती एकटीच राहत होती, वेगळी चूल, वेगळं शेत. वाटणीत वरचा उतार मोनालीच्या घराला आला होता, खालचा तुकडा तिला. मध्ये एक बांध.

पेटी शेताच्या मधोमध, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावायची, असं कागदावर चित्रासकट दिलं होतं. पण यंदा ती घरात आली त्या दिवशी सत्वशीलाबाईंनी तिला हळद-कुंकू लावलं. शेतात नवीन काही आलं की त्याची जागा कुठे, हे या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. वरच्या कोपऱ्यात, बोरीखाली, चुन्यानं रंगवलेले पाच दगड होते. पांडव. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तिथंच कडब्याचा कोप उभारायचा, तिथंच पूजा. पेटी तिथंच गेली, उंच दगडावर, मानानं. बसवायला आलेला माणूस आधी कुरकुरला, मग भज्याची दुसरी ताटली आली आणि तो म्हणाला, चालतंय. त्यानं जागेची नोंद केली. एकदा नोंदलं की पेटी हलवता येत नसे. हलवली की ती बंद पडायची आणि पुन्हा चालू करायला संस्थेचा माणूस लागायचा.

आणि मोनाली तिथंच उभी होती. तिला चित्र आठवत होतं. मधोमध पेटी म्हणजे कोळपताना अडचण, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

*

येळवशीच्या दिवशी गाव रिकामं होतं. मार्गशीर्षातली ती अमावस्या. सगळे आपापल्या रानात, कडब्याच्या कोपाशी, आंबील आणि भज्जी खायला. ज्याला शेत नाही त्याला चार ठिकाणची बोलावणी. ह्या वर्षी ऊन असं होतं की सत्वशीलाबाईंनी गळ्यातला पंखा काढून पांडवांपुढे ठेवला. “त्यांनाबी घाम येत असंल,” त्या म्हणाल्या.

मोनालीचं शेत बघायला लोक येत होते. जांभळट गुलाबी फुलं, इतकी दाट की खालचा हिरवा दिसू नये. व्यंकट, तिचा नवरा, प्रत्येकाला बांधावरून फिरवत होता, जणू लग्नाचा मांडव दाखवतोय.

मोनाली आंबिलीचा तांब्या घेऊन खाली तेजूकडे गेली. तेजूनं एकटीपुरता बुटका कोप उभारला होता.

“या, थोरल्या घरच्या,” तेजस्विनी म्हणाली. “खाली बघून चाला. माझ्याकडं फुलं नाहीत तुडवायला.”

खरंच फार नव्हती. जिथे होती तिथे घाट्यांना भोकं. मोनालीनं एक घाटा उघडला. आत अळी, लठ्ठ, आरामात, बैठकीवर बसलेल्या पाहुण्यासारखी. तिनं पाठ फिरवली आणि तेजूला दिसणार नाही अशा बेतानं एक पान तोंडात टाकलं. चावलं.

काहीच नाही. गवत.

वरून यंत्रचिमण्यांचा थवा उतरत आला. बांधापर्यंत आला आणि काचेला आपटल्यासारखा जागच्या जागी वळला. बांधाच्या पलीकडचं शेत त्यांच्या नोंदीत नव्हतं.

“रोज तेवढंच येतात,” तेजस्विनी त्यांच्याकडे बघत म्हणाली. “पहिल्यांदा वाटलं, ओळख झाली की येतील.” मग आंबिलीचा घोट घेऊन, तोंड पुसून, सहज बोलावं तसं म्हणाली, “अक्का, मी हे रान तुमच्याकडं लावून देणार हाय. राशी झाल्या की चाकणला जाते. भाऊ खानावळ चालवतो, त्याला माणूस पायजे.”

“आणि बियाणं?”

“कसलं बियाणं? भोकं पडलेलं? आईचं होतं, आईसंगं गेलं म्हणायचं.” ती हसली. “माझ्याच हाताला काय तरी झालंय. आंब धरली तर पाणी होतंय. आत्याबाई काय खोटं बोलल्या नाहीत, मी बी चाखलं ना घरी जाऊन.”

मोनालीच्या तोंडात ते चावलेलं पान अजून होतं. तिनं ते गिळलं.

*

काझी मॅडमला फोन लावला तेव्हा त्या कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या हरभऱ्यात होत्या. मागे वारा ऐकू येत होता. मोनालीनं सगळं सांगितलं.

“पेटी कोणत्या बाजूला आहे? वर का खाली?”

“वर. देवापाशी.”

“आणि त्या बाईंचं शेत?”

“खाली. ओढ्याला.”

“बघा,” मॅडम हळूहळू म्हणाल्या, “संध्याकाळी जमीन निवते. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारानं खाली वाहते आणि खोलगट जागेत साठते. आम्ही सपाट रानात चाचणी घेतली, तिथं पेटीचा वास बांधाच्या आत राहिला. तुमच्याकडं तो रोज संध्याकाळी त्यांच्या रानात उतरून तुंबतोय. म्हणजे त्यांचं शेतही बहिरं झालंय, आणि त्याला राखण नाही.” मग म्हणाल्या, “चूक बसवणाऱ्याची आहे. आमची आहे. मी वर लिहिते, पण माणूस यायला वेळ लागेल.”

“आत्ता बंद केली तर?”

“फुलोऱ्यात एकदम बंद करू नका हो. तुमच्या झाडांना इतके दिवस काहीच ऐकू आलेलं नाही. कापूस निघाला की सगळं एकदम ऐकू येईल. ती फुलं धरणार नाहीत.”

“आणि चालू ठेवली तर तिचं?”

“माणूस लवकर पाठवा म्हणून सांगते,” एवढंच मॅडम म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नसावं.

व्यंकटनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. श्रीहरी आजारी होता तेव्हा पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलेला भाऊ होता. तो जोड्याचा तळवा खरवडत बसला, मग म्हणाला, “आठ-दहा दिवस. घाटे धरले की मीच उचलून ठेवतो.”

“तवर तिच्याकडं काय राहील?”

“ती तशीबी चालली ना? आणि तेजूला आपण कधी उपाशी ठेवलंय?”

“मी उपाशी म्हणाले का?”

“मग काय म्हणालीस?”

तिला नेमकं सांगता येईना. एवढंच कळत होतं की आपण आत्ता गप्प बसलो तर व्यंकट तिला समजूतदार म्हणणार. आणि तो म्हणालाच. तिला त्याचं बरंही वाटलं, हे तिला नंतर फार दिवस आठवत राहिलं.

असे काही दिवस गेले. आत्याबाई पोट धरून बसायला लागल्या आणि पोटापेक्षा धाकट्या सुनेला जास्त बोलायला लागल्या. मोनाली भाकऱ्या करत राहिली. वरच्या शेतातला फुलोरा बघून परगावचे लोक फोटो काढून नेत होते.

मग एका दुपारी तेजस्विनी स्वतःच बांधावर आली. हातात डबा, डब्यात साबणाचं पाणी आणि वेचलेल्या अळ्या. बोटं हिरवी झालेली.

“अक्का, तुझी त्या मॅडमशी ओळख हाय ना? त्यांना इचारशील का, माझ्या मातीत काय खोट हाय ते? मी जाणार ते जाणारच. पण जाताना कळलं असतं की माझं काय चुकलं, तर बरं झालं असतं.”

“इचारते,” मोनाली म्हणाली.

तेजस्विनी वळून खाली गेली आणि पुन्हा वाकून वेचायला लागली. थोरल्या जावेचा शब्द तिला पुरेसा होता. मोनाली तिथंच उभी राहिली. यंत्रचिमण्या तिच्या डोक्यावरून बांधापर्यंत जात होत्या आणि परत फिरत होत्या, जात होत्या आणि परत फिरत होत्या.

दिवस मावळायला ती बोरीखाली गेली. पेटीवरचं हळद-कुंकू वाळून पापुद्रे आले होते. तिनं पेटी दोन्ही हातांनी उचलली, लेकराला उचलावं तशी, आणि बाजूला जमिनीवर ठेवली. आतला पंखा जरा फिरला, मग थांबला. पाच दगड तेवढे उरले.

*

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि व्यंकट, जो घरात कुणाशी बोलत नव्हता, जेवताना म्हणाला, “उगंच घाबरवलं त्या बाईनं.” मग एका सकाळी मोनाली शेतात गेली आणि तिला वाटलं कुणीतरी सरीसरीतून गुलाल सांडत गेलंय. फुलं होती. सगळी. काळ्या मातीवर जांभळट गुलाबी फुलांचा थर, आणि वर झाडं नुसती हिरवी, ताठ, एकमेकांकडे कान लावून उभी असल्यासारखी. चालताना साडीच्या काठाला ओल लागली. तिनं पायाला हात लावून चाखलं, जीभ चरचरली.

व्यंकट बांधावर उकिडवा बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पेटी उचलणं एका हातासरशी झालं होतं. बांध ओलांडणं राहिलं होतं. ते तिनं त्याच दिवशी केलं. तेजूच्या कोपाशी बसून तिनं सगळं सांगितलं, पेटी, देवाची जागा, उताराची हवा, गवतासारखं लागलेलं पान. तेजस्विनी अळ्यांचा डबा मांडीवर धरून ऐकत होती.

“म्हणजे माझ्या हाताचं काय नव्हतं.”

“काय नव्हतं.”

“मातीचंबी नव्हतं.”

“नाही.”

“तुला कधी कळलं?”

मोनालीनं खाली बघितलं. “आत्याबाई पाणी म्हणाल्या तवाच शंका आली. येळवशीला पान चावलं, तवा पक्कं झालं.”

तेजस्विनीनं डबा मांडीवरून खाली ठेवला. पण तिच्या चेहऱ्यावरून एकेक दिवस मागे सरकताना दिसत होता: तो बांधावरचा दुपारचा प्रश्न, आत्याबाईंची बोलणी, चाकणच्या भावाला केलेला फोन. मग ती उठली, डबा ओढ्याकाठी पालथा केला आणि म्हणाली, “त्या दिवशी मी इचारलं, तवा तू ‘इचारते’ म्हणलीस.”

“हो.”

“जा अक्का आता. उन्हाचं बसू नको.”

त्यानंतर तिनं बोलणं टाकलं. भांडण नाही, काही नाही. विहिरीवर भेटली तर घागर भरून होईपर्यंत पाण्याकडे बघायची. तिच्या शेतातल्या पानांना हळूहळू चव आली, उशिरा का होईना. वरच्या अंगाची काही झाडं वाचली, त्यांवर नवे घाटे धरले. बियाण्यापुरतं येईल, न येईल. काझी मॅडम येऊन गेल्या, वरच्या शेतातली गळालेली फुलं ओंजळीत घेऊन उभ्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षी गावागावातल्या पेट्या कुठे बसवल्यात ते स्वतः बघेन म्हणाल्या. त्या तेजूच्या कोपातही गेल्या. काय बोलणं झालं ते मोनालीला कळलं नाही. आता तिला सगळं कळवणारं माणूस राहिलं नव्हतं.

घरात आत्याबाईंचं पोट जास्तच बिघडलं. त्यांना खरं काय ते सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, बराच वेळ गळ्यातल्या पंख्याचं बटण चालू-बंद केलं, आणि म्हणाल्या, “पांडवांची जागा मीच दाखवली होती.” तेजूला मात्र त्यांनी निरोप धाडला नाही. कसा धाडायचा तेच त्यांना येत नसावं.

एका पहाटे मोनाली शेतात गेली तर तिच्या हरभऱ्यावर काहीतरी पांढरं पसरलेलं दिसलं. जवळ गेल्यावर ओळखलं. सासऱ्यांचं धोतर. एका टोकाला तेजस्विनी वाकली होती. धोतर गोळा करून, पीळ घालून, बाटलीत पिळत होती. खालच्या रानात अजून एवढी आंब धरत नव्हती. इथं मात्र घाबरलेलं शेत निथळत होतं.

मोनाली बांधावरच थांबली. पुढे जावं की नाही, तिला समजेना.

तेजस्विनीनं बाटली भरली, बोटाला लागलेला थेंब जिभेवर ठेवला, आणि तिचं सगळं तोंड वाकडं झालं, डोळे गच्च मिटले, खांदे कानांना टेकले. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग येऊन तिनं बाटली मोनालीच्या पायाशी, बांधावर ठेवली. हातात दिली नाही.

“आत्याबाईला म्हणावं,” ती धोतर खांद्यावर टाकत म्हणाली, “पाणी मिसळलेलं न्हाई.”

“तेजू… चाकणला…”

“ते इचारू नको.”

आणि ती बांध उतरून आपल्या रानात गेली. मोनालीनं बाटली उचलली. काच गार होती, आणि बाहेरून ओघळलेली आंब तिच्या बोटांना झोंबत होती.